महिनाभर टबात

४ फेब्रुवारी

सूनबाई,

वर काय लिहावं या विचारात माझा एक चहा थंड झाला. तुम्ही दोघं वेगळे राहताय, पुढचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा. पण सासूने अजून राजीनामा दिलेला नाही आणि कुणी तो मागितलेलाही नाही, तेव्हा सूनबाईच लिहिते. पटलं नाही तर खोडून वाच.

फोन करून झाला. तू उचलत नाहीस. उचलू नकोस, माझा राग नाही. पण पत्र हातात आलं की फोडावंच लागतं, एवढं मला माणसांचं कळतं.

कारण तसंच आहे. तुझ्या टाकीतल्या माशांना काहीतरी झालंय. जाताना तू म्हणालीस, "जागा मिळाली की टाकी नेईन, तोवर सांभाळा." मी सांभाळतेय. खाणं वेळेवर, दिवे वेळेवर, उडालेल्या पाण्याच्या जागी नवीन पाणी वेळेवर. पण परवा बघते तर बाईसाहेबांच्या शेपटीवर पांढरे ठिपके. आधी वाटलं, खाऱ्या पाण्यातली मासोळी, मीठच चिकटलं असेल अंगाला. हसू नकोस. काल तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे रावसाहेबांच्या परांवरही तसेच दाणे दिसले. आणि तो बिळाच्या तोंडाशी बसणारा चौकीदार तर खडकाला अंग घासतोय, पाठ खाजत असावी तसा.

चिरंजीवांना बोलावलं. दिवसभर लोकांचे डोळे तपासून चष्मे देणारा हा माणूस काचेला नाक लावून म्हणाला, "बुडबुडे आहेत, आई." बुडबुडे काय तीन दिवस अंगावर बसून राहतात का?

आम्ही वेगळं काहीही केलेलं नाही. हे कुठून आलं देव जाणे. काय करायचं ते लगेच लिही. कुरिअरचे पैसे मी दिलेत म्हणून उत्तर दे असं म्हणत नाही, पण दे.

— तुझी सासू (सध्या तरी)


११ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. वर नाव नाही, खाली सही नाही. औषधाच्या खोक्यातून निघणारा कागद असतो ना, तशी. तरी अक्षर तुझं होतं, म्हणून दोनदा वाचली.

तू लिहितेस, हा परजीवी आहे, माशाच्या कातडीत घुसून बसतो; सगळे मासे एकजात बाहेर काढा, वेगळ्या पाण्यात ठेवा, औषध सुरू करा. आणि शेवटी विचारतेस, "नवीन काय आणलं होतं?"

आता खुशखबर ऐक. ठिपके गेले! काल सकाळी बाईसाहेब लख्ख. रावसाहेबही लख्ख. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेव्हा बाहेर काढणं, वेगळं पाणी, औषध, या कशाचीच गरज उरली नाही. उगाच जिवांचे हाल कशाला? दोघंही जेवतायत, बाईसाहेब नवऱ्याला पूर्वीसारखंच कोपऱ्यात दामटून बसवतायत. घरात बाईचाच शब्द चालणारा हा एकच प्राणी मी पाहिलाय, आणि तो तू पाळावास यात मला कधी नवल वाटलं नाही.

चौकीदार दोन दिवस दिसला नाही. बिळात असेल.

तिकडच्या तलावावर तू पोहायला शिकवतेस ती मुलं कशी आहेत? पाण्याला घाबरणारा तो एक होता, त्याने डोकं बुडवलं का? एवढं लिहायला हरकत नसावी.

— सासू


१८ फेब्रुवारी

सूनबाई,

परत आले. पहिल्यांदा मोजता येत होते, आता येत नाहीत. बाईसाहेबांवर कुणी पिठाची चाळणी झटकल्यासारखं दिसतंय. आणि चौकीदार बिळात नव्हता. खडकामागे होता. मी त्याला कुंडीत पुरलं आणि मग बराच वेळ हात धूत राहिले.

तुझी दुसरी चिठ्ठी त्याच दिवशी पोचली. "ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही. तो माशावरून उतरून वाळूत पडलाय. तिथे फुगेल, फुटेल आणि एकाचे शेकडो होऊन मासा शोधत वर येईल." आठवडाभर मी आनंदात होते आणि तो माझ्या डोळ्यांदेखत वाळूत बसून आपली पिल्लं वाढवत होता!

तू पुन्हा तेच विचारलंयस, नवीन काय आणलं होतं. या वेळी खाली रेघ मारून.

सांगते. मुलाची बाजू घेत होते म्हणून सांगितलं नव्हतं. आई आहे, एवढी सूट दे.

निळा आणला होता. तुझ्या वाढदिवसाला. तू म्हणायचीस ना, "एकदा आपल्याकडे तो निळा मासा आणायचा, पण आधी महिनाभर टबात वेगळा ठेवून." हे तू जेवताना म्हणायचीस, चालताना म्हणायचीस, दात घासतानासुद्धा म्हणालेली मी ऐकलंय. त्याच्या लक्षात राहिलं ते "निळा मासा." पुढचं अर्धं वाक्य नेहमीसारखं कानावरून गेलं. त्या दिवशी माशांच्या दुकानातून सरळ घरी आला आणि पिशवी टाकीत रिकामी केली. माझ्यासमोर. मला म्हणाला, "फोटो पाठवतो, बघ, बघायला तरी येईल." तू फोटो उघडलाच नाहीस. त्याचा मला राग नाही, पण त्या संध्याकाळी तो दिवे न लावता टाकीसमोर बसला होता, आणि माझ्याच्याने त्याला काही बोलवलं नाही.

असो. काल सगळ्यांना बाहेर काढलं. कँटीनमधून निवृत्त होताना कपबश्या भिजवायचा मोठा टब मी घरी आणला होता, तू तेव्हा नाक मुरडलं होतंस, तोच आता दवाखाना झालाय. मी तो साबणाने दोनदा घासून चकचकीत केला आणि मग तुझ्या चिठ्ठीची मागची बाजू वाचली: "साबण अजिबात नको." पुढचा तासभर मी आणि चिरंजीव टब विसळत होतो. त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली, माझी कंबर मोडलेली. त्यात मी मीठ कालवलं आणि सवयीने बोट बुडवून चाखलं. अठ्ठावीस वर्षं दोनशे माणसांचं जेवण मी चाखून केलंय. खारटपणा मोजायची मापनळी लावल्यावर कळलं, समुद्राच्या निम्म्यानेही खारट नव्हतं! माणसांना पुरतं ते माशांना पुरत नाही, हे मला या वयात कळायचं होतं.

मासे पकडायला सगळे खडक उचलावे लागले. आता टबात तिघं आहेत. वाळू नाही, खडक नाही, लपायला नळाच्या पाइपचे तुकडे. कोळंबी आणि शंख मोठ्या टाकीतच ठेवलेत, कारण तू लिहिलंयस की माशांचं तांब्याचं औषध त्यांना विष आहे.

आता मोठ्या टाकीत मासाच नाही. तू म्हणतेस, अडीच महिने तशीच ठेवायची. मासा मिळाला नाही की तो वाळूतला उपाशी मरतो. शेत पड टाकतात तशी. बरं. टाकी पड टाकली.

— सासू


२ मार्च

सूनबाई,

रावसाहेबांचं बरं नाही. हे मी वळणं न घेता लिहितेय, कारण तुला तेच आवडतं.

ते खाली आडवे पडतात. कल्ले धापा टाकल्यासारखे हलतात. चार दिवस घास नाही. बाईसाहेब त्यांच्याभोवती फिरतात, मध्येच ढुशी देतात, "उठा की हो" म्हटल्यासारखी. मला बघवत नाही आणि तिथून हलवतही नाही. लहानसा जीव, माझ्या अंगठ्याएवढा, आणि मी देवाकडे असं मागणं मागतेय की माझं मलाच हसू येतं. हसू येतं आणि रडूही येतं.

तुझ्या चिठ्ठीवरून टबातलं पाणी आता रोज निम्मं बदलतो, कारण त्यांचीच घाण त्यांना बाधत होती. औषध पातळ होऊ नये म्हणून नवीन पाण्यातही मापाने घालतो. आम्ही कसले, हे सगळं खरं तर तोच करतो. दुकानात जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा. रसायनाचे थेंब टाकून पाण्याचा रंग तक्त्याशी जुळवतो. लोकांचे नंबर काढायचे ते डोळे शेवटी कामी आले.

तुझ्या मागच्या चिठ्ठीत एकच ओळ होती आणि ती मी त्याला वाचून दाखवली. झालं होतं असं की तुला पत्र टाकल्यावर तो फार भडकला, स्वतःवर, पण राग काढला निळ्यावर. म्हणाला, "हा दुकानाला परत देतो. याच्यामुळे सगळं झालं." मी म्हटलं, "अरे, त्याने काय केलं? त्याला कुणी विचारलं होतं का?" ऐकेना. पिशवी काढून ठेवली होती. तेवढ्यात तुझी चिठ्ठी आली: "निळ्याचाही डोस चुकवू नका."

तो ती ओळ हातात धरून उभाच राहिला. मग पिशवी घडी करून कपाटात ठेवली. संध्याकाळी मी पाहिलं तर निळ्यासाठी पाइपचा मोठा तुकडा कापून आणला होता, कारण लहानात तो अडकत होता.

रावसाहेबांसाठी आणखी काही असेल तर लिही. लवकर लिही.

— सासू


२९ मार्च

सूनबाई,

जेवले! मागच्या पत्रात घाईत "दोन दाणे खाल्ले" एवढंच लिहिलं होतं. आता ऐक, रावसाहेब बाईसाहेबांच्या तोंडचा घास पळवतात आणि फटका खाऊन परत येतात. अंगावर एक ठिपका नाही. औषध पूर्ण झालं, आता ते स्वच्छ पाण्यात आहेत. निळ्या तर इतका रंगलाय की टबात शाई सांडल्यासारखी वाटते. खाणं लसणाच्या रसात भिजवून द्यायची तुझी युक्ती लागू पडली. घरभर लसणाचा वास आहे, पण तक्रार कोण करतंय?

मोठी टाकी मात्र रिकामी. शेजारीण आली, म्हणाली, "मासे गेले का हो?" मी म्हटलं, "हवापालटाला गेलेत." कोळंबी तेवढी खडकावर उभी राहून मिशा हलवते, गिऱ्हाईक नसलेल्या न्हाव्यासारखी. मी रोज तिला चिमूटभर खायला घालते आणि दोन शब्द बोलते. पहिले काही दिवस ती मोकळी काच अंगावर यायची. आता वाटत नाही तसं. पाणी चाललंय, दिवा चाललाय, आत काहीतरी संपतंय आणि आपण फक्त मध्ये पडायचं नाही. हे सगळ्यात कठीण काम आहे. मला तर मध्ये पडायची खोड आहे, तू जाणतेसच.

एक नियम मात्र मी माझा लावलाय. कँटीनमध्ये एका टेबलाचं फडकं दुसऱ्याला लावू देत नसे मी. तसंच इथे टबाची जाळी, बादली, फडकं सगळं वेगळं, लाल दोरा बांधून. चिरंजीव परवा टबातला हात तसाच मोठ्या टाकीत घालणार होते. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण पुन्हा आली.

तो मुलगा डोकं बुडवायला लागला हे तू लिहिलंस, फार बरं वाटलं. चार ओळींची चिठ्ठी होती या वेळी! माझा भाव वाढतोय.

— सासू


१९ मे

सूनबाई,

मोठी खोली मिळाली, खिडकी पूर्वेला आहे, एक भिंत मोकळी आहे, हे वाचलं. अभिनंदन. मोकळी भिंत किती लांबीची आहे ते तू लिहिलं नाहीस आणि मीही विचारत नाही.

इकडे सगळं ठीक. मासे टबातच आहेत. मोठी टाकी अजून पड आहे. मला वाटतं आणखी थोडे दिवस जाऊ द्यावेत. घाई कशाला? तो वाळूतला चिवट असतो, तूच लिहिलं होतंस. एखादा उरला असेल तर सगळं मुसळ केरात. शिवाय हल्ली उकडतंय, माशांना हलवणं बरं नव्हे. शिवाय माझा गुडघा.

चिरंजीव म्हणाले, "आई, झाले ना अडीच महिने?" मी म्हटलं, "तुला चष्म्याचे नंबर कळतात तेवढे पुरेत."

तो हल्ली ऐकतो हं. म्हणजे पूर्ण ऐकतो. परवा मी पाण्याच्या बिलाचं सांगत होते, तो मध्ये बोलला नाही, माझं संपेपर्यंत थांबला. मला इतकं चमत्कारिक वाटलं की मी काय सांगत होते तेच विसरले. हे मी तुला काही सुचवायला लिहीत नाही. दिसलं ते लिहिलं.

— सासू


२६ मे

सूनबाई,

तुझी चिठ्ठी आली. टेबलावर ठेवलीय, चहा करते आणि पुन्हा वाचते, असं सकाळपासून चाललंय.

"आई, पड कधीच संपली. इथे मीही दिवस मोजतेय. रविवारी येते. मासे माझ्यासमोर सोडा."

पकडलंस. काय सांगू? टाकी तयार होती, मासे तयार होते, मीच तयार नव्हते. मासे बरे झाले की तू टाकी नेणार. नेलीस की मी तुला कशाबद्दल लिहिणार? "आज कोळंबीने कात टाकली" हे मी कुणाला कळवणार? सासवा सुनांना पत्रं लिहीत नाहीत, त्यातून वेगळ्या राहणाऱ्या सुनांना तर नाहीच. माझ्याकडे एक आजारी मासा होता म्हणून तू मला उत्तर देत होतीस. तो बरा होऊ नये असं मला एक क्षणभरही वाटलं नाही, शपथेवर सांगते. फक्त तो बरा झालाय हे तुला जरा उशिरा कळावं, एवढंच वाटलं.

टाकी तुझी आहे. ने. मी काच पुसून ठेवते.

चिरंजीवांना सांगितलं. विचारलं, "तू त्या दिवशी बाहेर जातोस का?" म्हणाला, "ती म्हणाली तर जाईन." तुला काय हवं ते कळव. काहीच कळवलं नाहीस तर तो घरी असेल आणि पंप साफ करत असेल, कारण त्याला तुझ्यासमोर नुसतं बसता येणार नाही.

आणि तू चिठ्ठीच्या वर "आई" लिहिलंयस. मी पाहिलं. काही बोलत नाही त्यावर.

— सासू


३ जून

सूनबाई,

तू जाऊन दोन दिवस झाले आणि तुला माहीत असलेलंच मी पुन्हा लिहितेय. लिहू दे. मला ते माझ्या अक्षरात बघायचंय.

तू बाईसाहेबांना आधी सोडलंस. त्या एक चक्कर मारून थेट आपल्या जुन्या कोपऱ्यात गेल्या, माहेराहून आलेल्या बाईने आधी ओटा तपासावा तशा. मागोमाग रावसाहेब. निळ्या घाबरून खडकामागे लपला आणि तू काचेला नाक लावून म्हणालीस, "ये रे, ये, तुझी काही चूक नाही." त्या वेळी पंपाजवळ ओल्या हातांनी उभ्या असलेल्या माणसाने मान खाली घातली होती. तुला दिसलं नसेल. मला दिसलं.

मग पंपाची चकती उलटी बसवलीय यावरून तुम्ही दोघं भांडलात. चांगलं कडकडून भांडलात, दोघांनी दोघांचं ऐकून घेत, आणि शेवटी चकती उलटीच निघाली. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

टाकीची मापं घ्यायला तू टेप आणशील, मला वाटलं होतं. तू पिशवीतून पाण्याने भरलेली पिशवी काढलीस. आत तो बोटभर, पिवळट, बटबटीत डोळ्यांचा. "चौकीदाराची जागा रिकामी आहे ना," म्हणालीस. मी काही बोलायच्या आत चिरंजीवांनी हात पुढे केला आणि ती पिशवी तुझ्याकडून घेतली.

तो वळला तो टाकीच्या दिशेने. मी ओरडणारच होते. पण तो टाकीला वळसा घालून मागे गेला, कोपऱ्यात धुऊन पालथा घातलेला टब उचलला, सुलटा केला आणि तुझ्याकडे न बघता म्हणाला, "महिनाभर यात ना?"

तू टबाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "हो. महिना झाला की कळवा. मी येऊन सोडीन." मोकळ्या भिंतीचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही नाही.

तेव्हा आजचा अहवाल. टब भरलाय. मीठ मापाने घातलं, चाखलं नाही. नवा चौकीदार पाइपच्या तोंडाशी बसून सगळ्यांवर नजर ठेवतोय, अंगावर ठिपका नाही, सकाळी जेवला. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी, लाल दोरा बांधलेला. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर चिरंजीव त्याच्यासमोर उकिडवे बसतात.

महिना कधी भरतो ते या वेळी मी बरोबर त्याच दिवशी कळवीन.

— तुझी आई